डेटाबेसमधल्या मराठीची प्रश्नचिन्हं कशी होतात

एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा सगळा हिशोब, म्हणजे सभासद, पुस्तकं, देवघेव, एका जुन्या विंडोज प्रोग्रामवर चालतो. मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे, म्हणजे माहिती टेबलांत साठवणारा प्रोग्राम, आणि काही अडलं की फोन मला येतो. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ग्रंथपाल ताईंचा फोन आला, आवाज घाबरलेला. "सर, जुन्या सगळ्या सभासदांची नावं गेली हो, नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत. आणि नवल म्हणजे आज सकाळी मी चार नवीन सभासद भरले ते अगदी बरोबर दिसतायत." मी विचारलं काल पीसी बंद केला होता का, तर म्हणाल्या नाही, पाऊस धो धो होता, सगळे घाईत निघालो, तो चालूच राहिला. मी म्हटलं, ताई, आता कुणाचंही नाव उघडून सेव्ह करू नका, एकाचंही नाही, मी येतोच.

मी पोचेपर्यंत त्यांनी प्रोग्राम बंद करून परत चालू केला होता, आणि चित्र बरोब्बर उलटं झालं होतं. जुनी नावं सगळी परत आलेली, आणि सकाळची चार नावं म्हणजे रोमन ए, गोल, अपूर्णांक, असल्या चिन्हांची लांबच लांब माळ.

डेटाबेसच्या क्लायंट लायब्ररीत एन्कोडिंगचा जो काही गुंता असतो तो जवळपास सगळा या एका सकाळीत आहे, म्हणून तीच धरून सांगतो. (लायब्ररी म्हणजे इथे प्रोग्रामला जोडलेली कोडची लायब्ररी, पुस्तकांच्या जागेला मी वाचनालयच म्हणेन, नाहीतर घोळ होईल.)

आधी बाइटचं बघू, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. डिस्कवर अक्षर नसतंच, तिथे फक्त ० ते २५५ मधले आकडे असतात, एकेका आकड्याला बाइट म्हणायचं, आणि कुठल्या अक्षराला कुठले आकडे हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक नंबर देणाऱ्या यादीत, 'म' चा नंबर आहे २३५०. हा एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत (केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ मध्ये ही आखली) तो तीन बाइटमध्ये लिहितात: २२४, १६४, १७४. देवनागरीचा युनिकोडमधला मुख्य पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीलासुद्धा, तीन-तीन बाइट लागतात, पहिला कायम २२४ आणि दुसरा १६४ नाहीतर १६५.

आता हेच तीन आकडे मायएसक्यूएल ज्याला लॅटिन१ म्हणतो त्या तक्त्यात बघा. हा तक्ता पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचा, त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. तिथे २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं गोल असतं ना ते चलनाचं चिन्ह, आणि १७४ म्हणजे गोलातला आर, तो रजिस्टर्ड ट्रेडमार्कवाला. म्हणजे एका 'म' ची तीन चिन्हं झाली. 'मराठी' हा अख्खा शब्द घेतला तर म चा गोलातला आर होतो, र चं डिग्रीचं टिंब, काना म्हणजे पाऊण, तो तीन भागिले चारवाला अपूर्णांक, ठ ची होते न तुटणारी मोकळी जागा जी डोळ्याला दिसतच नाही, आणि दीर्घ वेलांटीत येतं जपानी येन आणि त्याला चिकटून युरो. प्रत्येकाच्या पुढे तो रेघवाला ए आहेच. तुम्ही कधी ना कधी हे स्क्रीनवर बघितलेलं असणार, आणि बहुतेक 'फाँट गेला' असं म्हणून सोडून दिलं असणार. फाँटचा इथे काही संबंध नाही. डब्यात मीठ आहे आणि झाकणावर साखर लिहिलंय, एवढंच झालेलं असतं. आतलं अजून खराब झालेलं नाही.

खराब कधी होतं तर त्या झाकणावर विश्वास ठेवून कुणीतरी पुढचा स्वयंपाक करतो तेव्हा, आणि इथे स्वयंपाक करणारा असतो डेटाबेस सर्व्हर, म्हणजे डेटा सांभाळणारा आणि मागेल त्याला देणारा प्रोग्राम.

क्लायंट लायब्ररी म्हणजे काय ते आता सांगतो. तुमचा प्रोग्राम डेटाबेसशी थेट बोलत नाही, मधे एक लायब्ररी असते जी नेटवर्कवरून सर्व्हरला जोडणी करते, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, पाठवते, उत्तर आणते. मायएसक्यूएलची स्वतःची सी भाषेतली लायब्ररी आहे, बाकी पीएचपी, पायथन, जावा, नोड यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या-त्या भाषेसाठीच्या अशाच लायब्ररी, एकतर तिच्यावर बसलेत नाहीतर तोच प्रोटोकॉल स्वतः बोलतात. जोडणी होताना पहिल्याच ओळखीत लायब्ररी सर्व्हरला एक बाइट पाठवते, त्यात एक नंबर असतो, आणि तो नंबर म्हणजे 'मी या एन्कोडिंगमध्ये बोलणार आहे' असा शब्द दिलेला असतो. ८ म्हणजे लॅटिन१ स्वीडिश, ३३ म्हणजे जुना यूटीएफ८, ४५ म्हणजे यूटीएफ८एमबी४ (या दोघांतला फरक पुढे सांगतो). स्वीडिश का, तर मायएसक्यूएल मुळात स्वीडनच्या कंपनीने बनवला, आणि २०१८ मध्ये ८.० येईपर्यंत सर्व्हरचा डिफॉल्टही तोच लॅटिन१ स्वीडिश होता. म्हणजे कितीतरी वर्षं जगभर ज्याने काही न सांगता जोडणी केली त्याला सर्व्हरने पश्चिम युरोपातला माणूस धरलं, मग तो माणूस अकोल्यात बसून मराठी नाव टाइप का करत असेना.

सर्व्हर हा शब्द तीन ठिकाणी लिहून ठेवतो: क्लायंटकडून येणारं कशात आहे, क्वेरी आतमध्ये कशात वाचायची, आणि उत्तर परत कशात पाठवायचं. टेबलच्या कॉलमचं एन्कोडिंग यापेक्षा वेगळं, चौथं. आणि जिथे जिथे दोन टोकं जुळत नाहीत तिथे सर्व्हर आपणहून बदल करतो, न विचारता, आणि बहुतेक वेळा एक चकार शब्द न काढता. हा मुद्दा नीट धरून ठेवा, कारण 'मी टेबल यूटीएफ८ केलंय तरी मराठी बिघडतं' अशी तक्रार मी इतक्यांकडून ऐकलीय. टेबल हे चारातलं एकच टोक आहे.

तर वाचनालयात काय झालं. प्रोग्राम सकाळी सुरू झाला की जोडणी करायचा आणि लगेच 'सेट नेम्स यूटीएफ८' ही क्वेरी मारायचा. त्याने वरच्या तिन्ही नोंदी एकदम बदलतात, म्हणून सगळं सुरळीत चालायचं. पण मायएसक्यूएल सर्व्हर रिकामी बसलेली जोडणी कायम धरून ठेवत नाही, वेट टाइमआउट नावाचं सेटिंग आहे, डिफॉल्ट २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रोज पीसी बंद व्हायचा म्हणून हे कधी आडवं आलं नाही. त्या रात्री पीसी चालू राहिला, ८ तास उलटले, सर्व्हरने जोडणी तोडली. सकाळी ताईंनी पहिलं बटण दाबलं तेव्हा लायब्ररीने बघितलं की जोडणी मेलीय, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने ऑटो-रिकनेक्ट चालू ठेवलं होतं म्हणून तिने गुपचूप नवीन जोडणी केली. नवीन जोडणी म्हणजे नवीन ओळख. 'सेट नेम्स' जुन्या जोडणीबरोबर गेलं, आणि नवीन ओळखीत लायब्ररीने आपला डिफॉल्ट नंबर सांगितला, ८. प्रोग्रामला यातलं काही कळलं नाही, ताईंना कळायचा प्रश्नच नाही.

मग ताईंनी जुनी यादी उघडली. टेबलात नावं शुद्ध यूटीएफ-८ मध्ये बसलेली, सर्व्हरला वाटतंय क्लायंटला लॅटिन१ हवंय, आणि लॅटिन१ मध्ये 'म' नाहीच. ज्याला जागा नाही त्याच्या ठिकाणी सर्व्हर प्रश्नचिन्ह ठेवतो. 'मराठी' ची पाच प्रश्नचिन्हं, कारण युनिकोडच्या हिशोबात त्यात पाच खुणा आहेत. टेबलातलं नाव मात्र जिवंतच आहे, फक्त परत येताना उडालंय.

आणि ताईंनी जी चार नवीन नावं भरली ती? प्रोग्रामने यूटीएफ-८ चे बाइट पाठवले, २२४, १६४, १७४ असेच, पण सर्व्हरने ते लॅटिन१ ची तीन वेगळी अक्षरं समजून त्या प्रत्येकाचं परत यूटीएफ-८ केलं. रेघवाल्या ए चे दोन बाइट, गोलाचे दोन, आरचे दोन. याला डबल एन्कोडिंग म्हणतात. 'मराठी' चे १५ बाइट असायला हवेत, तिथे ३१ बसतात (प्रत्येकी दोन, आणि फक्त त्या युरोला तीन लागतात). पण त्याच बिघडलेल्या जोडणीवरून परत वाचलं की सर्व्हर उलट दिशेने तीच चूक करतो, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात, आणि नाव स्क्रीनवर स्वच्छ दिसतं! म्हणून नवीन बरोबर, जुनं गेलेलं. प्रोग्राम पुन्हा चालू झाला, जोडणी सुधारली, आणि मग जुनं बरोबर, नवीन बिघडलेलं.

हे समजलं की एक गोष्ट लक्षात येते, स्क्रीनवर काय दिसतंय हा पुरावाच नाही. कितीतरी जुन्या साइट अशा आहेत की ज्यात वर्षानुवर्षं सगळं डबल एन्कोड होऊन बसलंय, लिहिताना चूक, वाचताना तीच चूक, म्हणून कुणाला पत्ता नाही, आणि एक दिवस कुणीतरी सर्व्हर बदलतो किंवा नवीन ड्रायव्हर टाकतो, नवीन ड्रायव्हर खरं बोलतो, आणि सगळा माल एकदम उघडा पडतो. मग दोष दिला जातो नव्या ड्रायव्हरला.

पुरावा बघायचा तर बाइट बघायचे. मायएसक्यूएलमध्ये हेक्स नावाचं फंक्शन आहे, ते बाइट सोळाच्या पद्धतीत दाखवतं (२२४ म्हणजे ई०, १६४ म्हणजे ए४, १६५ म्हणजे ए५), कॉलम त्याच्यातून काढा. नीट बसलेलं मराठी ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं. डबल एन्कोड झालेलं सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ ने सुरू होतं. आणि ३एफ३एफ३एफ असं दिसलं तर ती खरी प्रश्नचिन्हं, टेबलातच बसलेली, मूळ अक्षर गेलेलं, ते कुठल्याही कमांडने परत येत नाही, बॅकअप असेल तर आहे नाहीतर नाही. जोडीला लेंग्थ आणि कॅर-लेंग्थ बघा, पहिलं बाइट मोजतं, दुसरं अक्षरं. 'मराठी' साठी १५ आणि ५ आलं तर ठीक, ३१ आणि १५ आलं तर डबल, आणि १५ आणि १५ आलं तर कॉलमच लॅटिन१ आहे आणि त्यात यूटीएफ-८ चे बाइट कोंबलेत.

म्हणूनच मी ताईंना सेव्ह करू नका म्हटलं होतं. जुना सभासद उघडला, नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतायत, फोन नंबर बदलून सेव्ह दाबलं, की प्रोग्राम अख्खी ओळ परत लिहितो आणि ती प्रश्नचिन्हं आता खरीच टेबलात जातात. तोपर्यंत नाव सुखरूप होतं.

आता 'सेट नेम्स' बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इंटरनेटवरच्या निम्म्या उत्तरांत हाच उपाय सांगितलेला असतो आणि तो अर्धाच उपाय आहे. 'सेट नेम्स' ही सर्व्हरला दिलेली क्वेरी आहे. सर्व्हरला कळतं, लायब्ररीला कळतच नाही, ती आपली अजून जुन्याच एन्कोडिंगमध्ये आहोत असं समजते. याचे दोन परिणाम. एक वर बघितला, रिकनेक्ट झालं की लायब्ररी आपल्याला माहीत असलेलंच सांगते. दुसरा जास्त वाईट आहे, तो सुरक्षेचा.

क्वेरीत मजकूर घालताना अवतरण चिन्ह, म्हणजे आकडा ३९, धोकादायक असतं, म्हणून लायब्ररी त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ घालते, तिचा आकडा ९२. याला एस्केप करणं म्हणतात. चिनी जीबीके एन्कोडिंगमध्ये दोन बाइटचं एक अक्षर असतं आणि त्यातला दुसरा बाइट ९२ असू शकतो. समजा हल्लेखोराने १९१, ३९ असं पाठवलं. लॅटिन१ च्या समजुतीत असलेली लायब्ररी ३९ च्या आधी ९२ घालते, झालं १९१, ९२, ३९. सर्व्हर 'सेट नेम्स जीबीके' मुळे जीबीके वाचतोय, त्याला १९१ आणि ९२ मिळून एक चिनी अक्षर दिसतं, आणि ३९ म्हणजे अवतरण चिन्ह मोकळं सुटतं. तिथून पुढे तो हवी ती क्वेरी घुसवू शकतो. म्हणून लायब्ररीचं स्वतःचं फंक्शन असतं, पीएचपीच्या मायएसक्यूएलआयमध्ये सेट-कॅरसेट, सी मध्ये मायएसक्यूएल-सेट-कॅरेक्टर-सेट, ते वापरायचं, ते दोघांनाही सांगतं, आणि रिकनेक्ट झाल्यावरही टिकतं. त्याहून बरं म्हणजे जोडणी करतानाच पर्यायांमध्ये कॅरसेट, म्हणजे एन्कोडिंगचं नाव, द्यायचं, म्हणजे पहिल्या बाइटपासून ओळख खरी. आणि मजकूर क्वेरीत चिकटवण्यापेक्षा प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि मजकूर वेगवेगळे पाठवायची सोय, वापरायचं हे तर आहेच.

यूटीएफ-८ मध्ये हा जीबीकेवाला धोका का नाही हे बघण्यासारखं आहे. त्यात एकापेक्षा जास्त बाइट लागणाऱ्या अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याच्या वरचाच असतो. 'म' चे तिन्ही बघा, २२४, १६४, १७४. त्यामुळे कुठल्याही देवनागरी अक्षराच्या पोटात ३९ किंवा ९२ लपूच शकत नाही. फार सुंदर आखणी आहे ही, मला दर वेळी ती सांगताना आनंद होतो.

यानंतरचा खड्डा म्हणजे मायएसक्यूएलचं 'यूटीएफ८' हे नाव. ते खरं यूटीएफ-८ नाही. खऱ्यात एका अक्षराला ४ बाइटपर्यंत लागतात, मायएसक्यूएलने त्या नावाखाली जास्तीत जास्त ३ घेतले. खरं हवं तर यूटीएफ८एमबी४ म्हणायचं, ते २०१० मध्ये ५.५.३ पासून आलं, आणि जुन्याला आता यूटीएफ८एमबी३ म्हणतात. आपली देवनागरी तीन बाइटमध्ये बसते त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला बरीच वर्षं हे जाणवलंच नाही. मग इमोजी आले, ते चार बाइटचे. कुणी प्रतिक्रियेत 'खूप छान' लिहून पुढे हसरा चेहरा टाकला आणि त्याच्यापुढे अजून चार ओळी लिहिल्या तर स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारायचं सर्व्हरचं सेटिंग) असेल तर 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' असा एरर येतो, आणि नसेल तर हसऱ्या चेहऱ्यापासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो, फक्त एक वॉर्निंग, जी कुणी वाचत नाही. आणि नुसते इमोजीच नाहीत, आपली मोडी लिपी! २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये मोडी आली आणि तिची सगळी अक्षरं चार बाइटच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे मोडी कागदपत्रांची सूची करणाऱ्याने जुन्या 'यूटीएफ८' टेबलात ती लिपी टाकायला गेलं तर एक अक्षर जात नाही.

फक्त टेबल एमबी४ करून भागत नाही, लायब्ररीलाही एमबी४ सांगावं लागतं, नाहीतर वाचताना त्या जागी प्रश्नचिन्ह. जावामध्ये मात्र जोडणीच्या ओळीत यूटीएफ-८ असंच लिहायचं, कारण तिथे जावाचं नाव लागतं, मायएसक्यूएलचं यूटीएफ८एमबी४ हे नाव जावाला ओळखीचं नाही. आणि जुनं टेबल बदलताना कॉलमच्या लांबीत १९१ हा आकडा अचानक समोर येतो त्याचं कारणही इथेच आहे: इनोडीबी (मायएसक्यूएलचा टेबलं साठवणारा भाग) याच्या जुन्या रो-फॉरमॅटमध्ये, म्हणजे ओळी डिस्कवर मांडायच्या पद्धतीत, इंडेक्सला (पटकन शोधायच्या सूचीला) ७६७ बाइटची मर्यादा, ३ च्या हिशोबात २५५ अक्षरं म्हणजे ७६५, बसतात, ४ च्या हिशोबात १०२०, बसत नाहीत, १९१ म्हणजे ७६४, हे बसतं. ५.७ पासूनच्या डिफॉल्ट डायनॅमिक फॉरमॅटमध्ये ही मर्यादा ३०७२ झाली, म्हणून आता १९१ लिहायची गरज नाही, पण जुन्या कोडमध्ये तो आकडा दिसला तर पुसण्याआधी तुमचा फॉरमॅट बघून घ्या.

लायब्ररी जुनी आणि सर्व्हर नवा असला की अजून वेगळंच. ८.० च्या सर्व्हरचा डिफॉल्ट नंबर २५५ आहे. जुन्या पीएचपीला हा नंबर माहीतच नव्हता, त्यामुळे 'सर्व्हरने २५५ नंबरचा कॅरसेट पाठवला, तो क्लायंटला माहीत नाही' असं म्हणून जोडणीच व्हायची नाही. त्याच ८.० मध्ये पासवर्ड तपासायची डिफॉल्ट पद्धतही बदलली, तीही जुन्या लायब्ररींना येत नव्हती. अशा वेळी लोक सर्व्हर मागच्या काळात ओढतात, लॅटिन१ ला नेऊन ठेवतात, आणि जोडणी झाली की खूश. तसं करू नका हो, शक्य असेल तोवर लायब्ररी बदला.

एन्कोडिंगशिवायच्या मर्यादा पटकन सांगतो. एका पॅकेटचा आकार मर्यादित असतो, मॅक्स अलाउड पॅकेट, ५.७ च्या सर्व्हरला डिफॉल्ट ४ एमबी, ८.० ला ६४ एमबी, जास्तीत जास्त १ जीबी, आणि क्लायंटची मर्यादा वेगळी असते, दोन्हीकडे वाढवावी लागते. मोठा फोटो टेबलात टाकताना 'सर्व्हर हॅज गॉन अवे' आलं तर सर्व्हर पडलाय असं समजून धावू नका, आधी हे बघा. दुसरं, लायब्ररी सहसा क्वेरीचं सगळं उत्तर एकदम स्वतःच्या मेमरीत ओढते, लाखो ओळींचं टेबल असेल तर पीसी बसतो. ओळ-ओळ आणायची सोय आहे, पण मग सगळ्या ओळी संपेपर्यंत त्या जोडणीवर दुसरी क्वेरी मारता येत नाही, मारली तर 'कमांड्स आउट ऑफ सिंक'.

आणि बॅकअप. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) डंप, म्हणजे सगळ्या डेटाची बॅकअप फाइल, काढताना मोठ्याचं चिन्ह (>) वापरून फाइलमध्ये वळवलं तर पॉवरशेल ती फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहितो, आणि यूटीएफ-१६ हे मायएसक्यूएल क्लायंटचं एन्कोडिंग म्हणून घेतच नाही. म्हणजे तुमच्याकडे बॅकअप आहे असं तुम्हाला वाटत राहतं आणि ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो आत जात नाही. डंपच्या कमांडला रिझल्ट-फाइल हा पर्याय आहे, तो द्या, फाइल त्यालाच लिहू द्या.

बाकीच्या डेटाबेसमध्ये हेच दुखणं वेगवेगळ्या जागी निघतं. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांना ओळखीचं असेल, कॉलम एनव्हारकॅर, म्हणजे युनिकोड मजकुराचा, आहे तरी मराठीची प्रश्नचिन्हं, कारण क्वेरीतल्या मजकुरापुढे एन लावायचा राहिला, आणि एन नसला की मजकूर कॉलमपर्यंत पोचायच्या आधीच डेटाबेसच्या कोड पेजमधून, म्हणजे त्याच्या ठरलेल्या एन्कोडिंगमधून, काढला जातो. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ या मजकुराच्या कॉलमला २० लिहिलं तर ते डिफॉल्टने २० बाइट असतात, अक्षरं नाहीत. 'महाराष्ट्र' आपण चार अक्षरं मोजतो, युनिकोड दहा मोजतो (म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र), आणि बाइट होतात ३०, म्हणजे आपल्या राज्याचं नाव वीसच्या कॉलममध्ये बसत नाही. पोस्टग्रेस कडक आहे, यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये चुकीचे बाइट तो दारातच अडवतो, आणि मला ते फार पटतं. पण क्लायंटने लॅटिन१ आहे असं खोटं सांगितलं तर डबल एन्कोडिंग तिथेही होतं, कारण लॅटिन१ मध्ये कुठलाही बाइट चालतो.

तर परत वाचनालयात. टेबलात हजारो ओळी नीट, आणि चार डबल. डबल ओळ सुलटी करायची रीत अशी: कॉलम लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट करायचा, त्याला बायनरी म्हणायचं, म्हणजे सर्व्हर त्याच्याकडे अक्षरं म्हणून बघणं सोडतो, आणि मग त्या बायनरीला यूटीएफ८एमबी४ म्हणायचं. पण ही रीत सगळ्या टेबलावर चालवली तर नीट असलेल्या हजारो नावांचं काय होईल? ती लॅटिन१ मध्ये जाऊ शकत नाहीत, तिथेच त्यांची प्रश्नचिन्हं होतील, आणि या वेळी कायमची. म्हणून आधी टेबलाची कॉपी, मग फक्त सिलेक्ट करून डोळ्याने बघायचं, आणि मग हेक्स सी३ए०सी२ए४ ने सुरू होणाऱ्या ओळींवरच अपडेट.

असं शोधलं तर तीनच सापडली. चौथा सभासद वकील, नाव 'ॲड.' ने सुरू होणारं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये मागाहून आलं, त्यामुळे पट्ट्याच्या शेवटी बसलंय, त्याचा दुसरा बाइट १६५, म्हणजे हेक्स ए५. ए४ आणि ए५ दोन्ही धरल्यावर चौथं नाव आलं. आणि हा ॲ अजून एका तऱ्हेने त्रास देतो, काही कीबोर्ड तो एकच अक्षर म्हणून देतात आणि काही 'अ' अधिक चंद्र अशी दोन अक्षरं, दिसायला सारखेच, पण युनिकोड या दोघांना एक मानत नाही, म्हणून नॉर्मलाइज करूनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची युनिकोडची रीत वापरूनही, ते एक होत नाहीत. वकिलांचं नाव एका पद्धतीने टाकलं आणि दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडणार नाही, हे कुठलीही लायब्ररी तुमच्यासाठी करत नाही, प्रोग्राममध्ये सेव्ह करतानाच एकाच रूपात बदलून घ्यावं लागतं. आम्ही ते केलं.

चारही नावं परत आली. पत्ते मात्र दोघांचेच पूर्ण आले. पत्त्याचा कॉलम १०० अक्षरांचा, डबल एन्कोडिंगमध्ये एका अक्षराची तीन होतात, ४० अक्षरांचा पत्ता १२० झाला आणि शंभरावर कापला गेला. आणि एक जुनं नाव, माझा फोन ठेवायच्या आधीच शिपायाने फोन नंबर बदलून सेव्ह केलेलं, हेक्समध्ये नुसतं ३एफ, ३एफ, ३एफ. बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा, आणि हे सभासद दोन महिन्यांपूर्वी आलेले.

ताईंनी कपाटातून सभासद अर्जांची फाइल काढली, पावसाने कडा ओल्या झालेल्या, आणि ते नाव आणि दोन पत्ते बघून बघून परत टाइप केले. मी तोवर जोडणीच्या पर्यायात यूटीएफ८एमबी४ टाकलं, ऑटो-रिकनेक्ट काढून टाकलं आणि त्याजागी जोडणी तुटली तर प्रोग्रामने तसं स्पष्ट सांगावं असं केलं. मग त्या नावाचा हेक्स काढून ताईंना दाखवला, ई०ए४ ने सुरू होणारा. त्यांनी तो आकडा अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवला.